योकोहामाच्या धक्क्यावर आईचा प्रश्न

आजची गोष्ट एका प्रश्नापासून सुरू होते, आणि तो प्रश्न माझा नाही. माझ्या आईचा आहे.

माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त जपानमध्ये, योकोहामाला असतात. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांच्याकडे गेलो. मी, माझी बायको आणि आई. आईचं वय ऐंशी. लालबागच्या चाळीत लग्न होऊन आली, ती तिथलीच झाली. विमानात बसायची तिची पहिलीच वेळ. पाच वर्षांच्या नातवाने आमचा कार्यक्रम आधीच ठरवून ठेवला होता: आधी रोपवे, मग मोठा पाळणा, मग जहाज. पणजीचा हात धरूनच त्याने आम्हाला घराबाहेर काढलं.

योकोहामाच्या बंदरालगतचा हा भाग म्हणजे मिनातो मिराई. नावाचा अर्थ 'भविष्यातलं बंदर'. साकुरागिचो स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच रोपवे. २०२१ साली सुरू झालेला. पाण्यावरून, साधारण पाच मिनिटांत, तो तुम्हाला पलीकडच्या बेटासारख्या भागात नेऊन सोडतो. डावीकडे २९६ मीटर उंचीचा लँडमार्क टॉवर, समोर ११२ मीटरचा आकाशपाळणा आणि त्याच्या मध्यभागी भलंमोठं घड्याळ, खाली बोटी. नातू काचेला नाक लावून बसलेला. बायको फोटो काढत होती. आणि आई मला म्हणाली,

"हितं आधी काय होतं रे?"

मी म्हटलं, "समुद्र होता, आई. भराव घातलाय."

"समुद्राचं नाही विचारत. शहराच्या मधोमध एवढी जागा मोकळी कशी मिळाली? कायतरी असणार. काय होतं?"

मंडळी, मी इतिहासावर बोलतो, तुम्ही ऐकता, वाचता. पण ऐन वेळी हा प्रश्न मला सुचला नव्हता. आईला सुचला, कारण तिने तो अनुभवलेला आहे. तिच्या चाळीच्या गॅलरीतून पूर्वी गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या. आता काचेचे मनोरे दिसतात. मधोमध एवढी जागा रिकामी होते ती कशी, हे तिला कुणी शिकवायला नको.

तर उत्तर असं. तिथे जहाजं बांधायचा आणि दुरुस्त करायचा कारखाना होता.

थोडं मागून सुरुवात करू. १८५३च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी गेली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी मॅथ्यू पेरी काळी जहाजं घेऊन तोक्योच्या, म्हणजे तेव्हाच्या एदोच्या, तोंडाशी येऊन थांबला. दोनशेहून अधिक वर्षं बहुतेक परदेशी व्यापाराला दार लावून बसलेल्या जपानला त्याने तोफांच्या धाकाने दार उघडायला लावलं. १८५४चा करार झाला तो योकोहामात. तेव्हा ते मासेमारांचं लहानसं गाव होतं. १८५९ मध्ये तिथे बंदर सुरू झालं आणि जपानचं कच्चं रेशीम तिथून जगभर जाऊ लागलं. १८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे सुरू झाली, शिंबाशी ते योकोहामा. त्या वेळचं योकोहामा स्टेशन म्हणजेच आजचं साकुरागिचो, जिथे आम्ही रोपवेत बसलो. आपल्या बोरीबंदरनंतर एकोणीस वर्षांनी.

बंदर वाढलं, तसं जहाजं दुरुस्त करायला जागा हवी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'योकोहामा डॉक' ही कंपनी उभी राहिली. तिने दगडी सुक्या गोद्या बांधल्या. सुकी गोदी म्हणजे जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसून टाकायचं आणि उघड्या पडलेल्या तळाची दुरुस्ती करायची. पुढे १९३५ मध्ये हा कारखाना मित्सुबिशीत विलीन झाला. तर या कंपनीच्या उभारणीत ज्यांचा हात होता, त्यांत एक नाव होतं शिबुसावा एइइची. जपानच्या आधुनिक उद्योगांचा जनक म्हणतात त्यांना. २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा आहे. मी हे सांगत होतो तेव्हा लेकीने पाकिटातून नोट काढून आजीच्या हातात दिली. आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ह्याचा आपल्याशी काय संबंध?"

संबंध आहे. आणि तो थेट आमच्या घराशी आहे.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. मुंबईच्या गिरण्यांचं सूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनला जायचं आणि जपानलाही जायचं. मग शिबुसावांच्या पुढाकाराने ओसाकात मोठी सूतगिरणी निघाली, १८८३ मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं, आणि तिच्या पाठोपाठ इतर निघाल्या. या गिरण्यांना कापूस हवा होता. तो होता आपल्या वऱ्हाडात, खानदेशात, गुजरातेत, आणि जगात जायची त्याची वाट मुंबई बंदरातून होती. पण मुंबई ते जपान ही वाहतूक पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी आणि तिचे साथीदार यांच्या मुठीत होती. भाडं ते सांगतील ते.

१८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले. टाटांची पेढी आणि निप्पॉन युसेन काइशा ही जपानी जहाज कंपनी यांच्यात करार झाला. जपानी गिरण्यांनी आपला कापूस याच जहाजांतून आणायचं मान्य केलं. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी 'हिरोशिमा मारू' हे जहाज कोबे बंदरातून मुंबईकडे निघालं. जपानी कंपनीची ही पहिली दूर पल्ल्याची नियमित जहाजसेवा. पी अँड ओने भाडी इतकी खाली आणली की समोरच्याने मोडूनच पडावं. पण जपानी गिरणीवाले फुटले नाहीत. तीनेक वर्षांनी तडजोड झाली आणि जपानी जहाजांना या मार्गावर हक्काची जागा मिळाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये योकोहामाच्याच धक्क्यावरून स्वामी विवेकानंद 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या जहाजाने अमेरिकेला निघाले होते, शिकागोच्या परिषदेसाठी. जमशेटजी त्या प्रवासात त्यांचे सहप्रवासी होते.

आता याची दुसरी बाजू. आपला कापूस स्वस्तात पोचू लागला, तशा जपानी गिरण्या जोरात आल्या. १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. मुंबईच्या सुताला जपानची बाजारपेठ तर गेलीच, चीनच्या बाजारातही जपानी सूत समोर उभं राहिलं. टाटांची चाल ब्रिटिश मक्तेदारीविरुद्ध होती आणि ती धाडसाची होती, यात शंका नाही. पण त्याच जहाजांतून गेलेल्या गासड्यांनी मुंबईच्या सूतखात्यांना स्पर्धक उभा केला, हेही खरं. इतिहासात जमाखर्चाची दोन्ही पानं पाहावी लागतात.

आम्ही लाल विटांच्या वखारींपाशी आलो. या दोन वखारी जकात खात्याने बांधल्या, एक १९११ मध्ये पुरी झाली, दुसरी १९१३ मध्ये. आज आत दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, बाहेर मुलं बागडत असतात. नीट पाहिलं तर एक वखार दुसरीच्या जवळजवळ निम्मीच आहे. नातवाने विचारलं, "ही छोटी का?" हे उत्तर मला माहीत होतं. १ सप्टेंबर १९२३, दुपारी बाराला दोन मिनिटं कमी. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या, तेवढ्यात कांतोचा महाभूकंप झाला. पडझडीतून आगी लागल्या आणि योकोहामा जळून गेलं. तोक्यो-योकोहामा परिसरात मिळून एक लाखाहून जास्त माणसं गेली. अफवांवर विश्वास ठेवून जमावांनी निरपराध कोरियन लोकांच्या हत्या केल्या, तेही याच दिवसांत. वखारीचा तुटलेला भाग पुन्हा बांधला नाही. उरला तेवढा सावरला.

तिथून छोट्या बोटीने आम्ही यामाशिता उद्यानात गेलो. समुद्राकाठी लांबच लांब पसरलेली बाग आहे. ती भूकंपाच्या ढिगाऱ्यावर उभी आहे. पडलेल्या घरांचे दगड, विटा, कौलं समुद्रात टाकून हा किनारा तयार केला आणि १९३० मध्ये बाग लोकांसाठी उघडली. बागेच्या कडेला 'हिकावा मारू' हे जुनं प्रवासी जहाज कायमचं उभं आहे. तेही १९३० सालचंच, आणि योकोहामा डॉकच्याच कारखान्यात बांधलेलं. नातवाचं जहाज ते हेच.

आणि बागेत एका बाजूला एक घुमट आहे. चार बाजूंनी कमानी, आत पाणी पिण्याची सोय. आई लांबूनच म्हणाली, "हे आपल्याकडचं वाटतंय." ते आपल्याकडचंच. योकोहामात तेव्हा भारतीय व्यापारी होते, त्यात सिंधी पेढ्या बऱ्याच, रेशमाचा व्यापार करणाऱ्या. भूकंपात त्यांच्यातलीही माणसं गेली. वाचलेल्यांना योकोहामाच्या लोकांनी आधार दिला. पुष्कळ व्यापारी कोबेला निघून गेले होते. ते परत यावेत म्हणून शहराने आणि रेशीम व्यापाऱ्यांनी त्यांच्या राहण्याची, दुकानांची व्यवस्था केली. त्या मदतीची आठवण म्हणून आणि गेलेल्यांच्या स्मरणार्थ भारतीयांनी १९३९ मध्ये हा पाणवठा शहराला भेट दिला. आपल्याकडे कुणाच्या नावाने पाणपोई घालतात, तशी. आईने कमानीखाली उभं राहून हात जोडले. कुणाला ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

हे शहर एकदाच नाही जळलं. २९ मे १९४५ च्या सकाळी सुमारे पाचशे बी-२९ विमानांनी त्यावर आगीचे बॉम्ब टाकले. युद्धानंतर बंदर आणि शहराचा मधला भाग अमेरिकी सैन्याने ताब्यात घेतला. इतर शहरं उभी राहत होती, तेव्हा योकोहामाकडे स्वतःची जमीनच नव्हती. जमीन परत मिळू लागली, तोवर तोक्यो इतकं वाढलं होतं की योकोहामाची माणसं सकाळी तिकडे कामाला जायची आणि झोपायला परत यायची.

१९६५ मध्ये महापौर आसुकाता इचिओ यांच्या काळात शहराने सहा मोठे प्रकल्प मांडले. त्यातला एक होता मधला बंदर-भाग नव्याने उभारायचा. जहाज कारखाना मध्येच होता, तो हलवायचा. मंडळी, याच १९६५ मध्ये योकोहामा आणि मुंबई यांनी भगिनी शहरांचा करार केला. दोन्ही बंदरं, दोन्ही कष्टकऱ्यांची शहरं. पुढे दोन्हीकडे शहराच्या मधल्या जमिनीचा प्रश्न जवळजवळ एकाच वेळी आला.

१९८२च्या १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आई खाणावळ चालवायची. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले पंधरा गडी आमच्याकडे जेवायचे. संपाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून एकेक करून ते गावी गेले. जाताना प्रत्येकाने सांगितलं, "वहिनी, संप मिटला की येतो, मागचं देतो." आईची वही अजून आमच्या कपाटात आहे. येणं तसंच आहे.

आणि १९८३ मध्ये योकोहामाचा जहाज कारखाना त्या जागेवरून हलला. त्याच वर्षी मिनातो मिराईचं काम सुरू झालं. एकूण १८६ हेक्टर जमीन, त्यातली ७६ हेक्टर समुद्रात भराव घालून मिळवलेली.

फरक कुठे पडला? एक तर कारखाना बंद झाला नाही, त्याच शहरात होनमोकू आणि कानाझावा या किनाऱ्यांवर गेला. दुसरं, जमिनीचं काय होणार हे आधी ठरलं होतं. रस्ते कुठे, मोकळी जागा कुठे, पाण्याची कड सगळ्यांना खुली राहील, हे ठरलं आणि मग इमारती आल्या. तिसरं, कारखान्याच्या खुणा पुसल्या नाहीत. लँडमार्क टॉवरच्या पायथ्याशी जुनी दुसरी गोदी आहे. तिचे दगड एकेक करून काढले आणि पुन्हा बसवले. आज त्या खोलगट जागेत उतरून लोक बसतात. पहिल्या गोदीत 'निप्पॉन मारू' हे १९३०चं शिडाचं प्रशिक्षण जहाज उभं आहे. मालगाडीच्या रुळांवरून पाचशे मीटरचा पायरस्ता केला आहे, रूळ तसेच ठेवून.

आपल्याकडे १९९१ मध्ये नियम झाला होता. गिरणीच्या जमिनीचे तीन भाग करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये तो असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची व्हावी. गिरण्यांच्या इमारतींनी झाकलेली जमीन वाटणीतून सुटली. बहुतेक जमीन तीच होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. बाकीचं तुम्ही परळला जाऊन पाहू शकता.

हे सगळं मी जायंट व्हीलच्या पाळण्यात बसून सांगत होतो. एका फेरीला पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे ऐकणाऱ्यांना पळायला वाव नव्हता. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कारखाना हलला, बरं झालं. पण त्याच्या भोवती जेवण घालणारी माणसं असतील की. ती कुठं हलली?"

मला उत्तर देता आलं नाही. लेक म्हणाली, "आजी, चल. दाखवते."

साकुरागिचो स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला नोगे नावाचा मोहल्ला आहे. अरुंद गल्ल्या, आठ-दहा खुर्च्यांची खाद्यगृहं, कंदील, धूर. युद्धानंतर इथे काळा बाजार भरायचा. मग कारखान्याचे आणि बंदराचे कामगार सुट्टी झाली की इथे यायचे. कारखाना गेला आणि नोगे ओस पडायला लागलं. मिनातो मिराईच्या माहितीफलकांवर हे मला कुठे दिसलं नव्हतं. इथल्या लोकांनी १९८६ पासून रस्त्यावरच्या कलावंतांचा, डोंबाऱ्यासारखे खेळ करणाऱ्यांचा उत्सव सुरू केला, गिऱ्हाईक परत यावं म्हणून. तो अजून भरतो. २००४ मध्ये साकुरागिचोला येणारी एक रेल्वेही बंद झाली, तेव्हा पुन्हा फटका बसला. तरी गल्ल्या टिकून आहेत.

आम्ही एका छोट्या खाद्यगृहात शिरलो. मालकीणबाई आईच्याच वयाच्या. लेक मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. आईने विचारायला लावलं की कारखान्याचे लोक यायचे का. बाई म्हणाल्या, यायचे, सासूबाईंच्या वेळेपासून. पगार झाला की हिशेब चुकता करायचे. कारखाना गेला तेव्हा काही जण लांबून, गाडी बदलून येत राहिले. मग वयं झाली. आईने विचारलं, "कुणाचं येणं राहिलं का?" लेकीने ते जपानीत सांगितलं. बाई एकदम हसायला लागल्या, मग त्यांनी डोळे पुसले, आणि काही न बोलता आईसमोर आणखी एक वाटी आणून ठेवली. आई शाकाहारी. वाटीत काय आहे ते लेकीने आधी विचारून घेतलं. शिजवलेला मुळा होता, पण रस्सा माशाचा. आईने वाटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मी खाल्ला.

मंडळी, तुम्ही इंदूरला असाल, अहमदाबादला, सोलापूरला, कानपूरला, नाहीतर लालबागलाच. तुमच्याही शहराच्या मधोमध एखादी चकचकीत जागा असेल. इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकलेली देणी मिळाली ती २०२३च्या डिसेंबरात, गिरणी बंद पडून तीस वर्षं उलटल्यावर. अशा ठिकाणी मुलांना जरूर न्या, पाळण्यात बसवा. फक्त सोबत घरातलं एखादं म्हातारं माणूस असू द्या, आणि त्याने काही विचारलं तर उत्तर शोधा.

परत आल्यावर आईने कपाटातली ती वही काढली. पंधरा नावं आहेत, बहुतेक सातारा-कोल्हापूरकडची. त्यातल्या तिघांच्या गावांचा पत्ता आम्हाला लागला आहे. दिवाळीनंतर जाणार आहोत. पैसे मागायला नाही, असं आई म्हणते. काय विचारायचंय ते मात्र अजून सांगत नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.